डांगी जोडीचा भाव आणि स्वभावाचे मोल

नाशिकच्या आसपास नव्याने थोडी जमीन घेतलेले ओळखीचे लोक आणि इगतपुरी-त्र्यंबकेश्वर पट्ट्यात भातशेती करणारे नातेवाईक, अशा दोन्ही बाजूंकडून मला वारंवार एकच प्रश्न येतो : चांगली डांगी बैलजोडी सध्या कितीला बसते? माझे आजोळ इगतपुरी तालुक्यात आहे, मामांच्या गोठ्यात पिढ्यान्‌पिढ्या डांगी गाई आहेत आणि त्यांच्या जनावरांच्या नोंदी मी ठेवतो, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो. त्याचे उत्तर एका आकड्यात देण्याचे मी टाळतो. जोडीचा भाव आज कोणत्या गुणांवर ठरतो आणि तो कोणत्या गुणांवर ठरायला हवा, यांत आमच्या भागात मोठी तफावत पडली आहे. ती तफावत समजून न घेता सांगितलेला आकडा घेणाऱ्याची आणि विकणाऱ्याची सारखीच दिशाभूल करतो.

डांगी ही सह्याद्रीतील मुसळधार पावसाची जात आहे. नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ आणि सुरगाणा, अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले, ठाणे-पालघरचा डोंगराळ भाग आणि गुजरातमधील डांग हा तिचा मुलूख. नाशिक शहरात वर्षाकाठी सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तासाभराच्या रस्त्यावर असलेल्या इगतपुरीत तोच ३,००० मिलिमीटरच्या घरात जातो. अशा पावसात दिवसदिवस भिजूनही डांगी जनावर चरत राहते, कारण त्याच्या कातडीतून तेलकट स्राव पाझरतो आणि पाणी अंगावर फार काळ टिकत नाही. खूर काळे आणि कठीण असतात, त्यामुळे खडकाळ चढ-उतारावर ते लवकर झिजत नाहीत. दुधाच्या बाबतीत मात्र ही जात बेताची आहे. एका वेतात सरासरी चार-पाचशे लिटर दूध मिळाले तरी मालक समाधानी असतो. दुधावर संसार चालवण्यासाठी कोणी डांगी गाय पाळत नाही. गाईच्या पोटी येणारा खोंड हाच तिचा मुख्य परतावा असतो, आणि म्हणून या जातीचे सारे अर्थकारण बैलाच्या भावावर उभे आहे.

बाजारात आणि प्रदर्शनात काय पाहिले जाते, ते आधी सांगतो. राजूर आणि घोटी ही डांगी जनावरांच्या व्यवहाराची जुनी ठिकाणे. तेथे जोडी उभी राहिली की पहिली नजर रंगावर जाते. पांढऱ्या अंगावर काळे किंवा तांबडे ठिपके-पट्टे हे डांगीचे मूळ रूप असून त्या ठिपक्यांच्या कमी-जास्त प्रमाणावरून पारा, बहाळा, मणेरी, शेवरा अशी नावे पडली आहेत. दोन्ही बैलांचे ठिपके जुळणारे असतील तर भाव एकदम चढतो. त्यानंतर उंची, वशिंड, शिंगांची ठेवण, गळ्याची पोळी, शेपटाचा गोंडा. मग दात पाहून वय ठरते : साधारण अडीच वर्षांच्या सुमारास दोन दाती, तीन-सव्वातीनला चार दाती, चारच्या आसपास सहा दाती आणि पाचव्या वर्षाच्या आगेमागे पूर्ण जुळलेला. भावासाठी रुमालाखाली बोटे धरली जातात, दलाल दोन्हीकडे डोके हलवतो आणि विसार हातावर टेकवला जातो. या साऱ्या व्यवहारात बैलाला जू लावून चार पावले चालवून पाहणारा खरेदीदार क्वचितच आढळतो, आणि त्याच्या आईविषयी विचारणारा तर मी पाहिलेलाच नाही.

रंगाला भाव असू नये, असे माझे म्हणणे नाही. जुळत्या ठिपक्यांची जोडी पाहून मलाही आनंद होतो, आणि पोळ्याच्या दिवशी ती वेशीतून निघाली की सारे गाव पाहते. माझी हरकत एवढीच आहे की रंगाला भाव मिळतो आणि स्वभाव त्यासोबत फुकट दिला जातो. ज्या गुणाचे पैसे मिळतात, त्याच गुणासाठी माणूस वळू निवडतो. दहा-पंधरा वर्षे केवळ ठिपक्यांवर वळू निवडले गेले, तर गोठ्यात ठिपके उत्तम राहतील. मात्र पावसात, गुडघाभर चिखलात, वीतभर जागेत वळणारा शांत बैल त्याच गोठ्यात मिळेल याची हमी कोणी देऊ शकणार नाही.

स्वभावाला एवढे महत्त्व का, हे भाताच्या खाचरात एकदा औतामागे उभे राहिल्याशिवाय लक्षात येत नाही. डोंगरउतारावरची आमची खाचरे लहान आणि वेडीवाकडी असतात. काहींमध्ये जोडीला दहा-बारा पावलांत वळावे लागते. जुलैमध्ये चिखलणी, म्हणजे लावणीसाठी खाचरात औताने चिखल करणे, सुरू असते, वरून पाऊस कोसळत असतो, औत धरणाऱ्याचे पाय चिखलात रुतलेले असतात, आणि शेजारच्याच खाचरात बायका वाकून आवणी, म्हणजे भाताची लावणी, करत असतात. तेथे वेगाचा काहीही उपयोग नाही. बैलाने चिखलातून पाय उचलत एका लयीत ओढावे, वळणावर आतल्या बैलाने थांबावे आणि बाहेरच्याने फिरावे, बांधावर चढताना घाई करू नये आणि मागे माणूस घसरून पडला तर जागच्या जागी उभे राहावे, एवढीच अपेक्षा असते. एवढे करणारी जोडी असेल तर साठी उलटलेला माणूसही औत धरू शकतो. ते न करणारी जोडी तरण्या गड्याच्याही जिवावर उठू शकते.

याच कारणाने शर्यतीच्या बैलाचा मापदंड डांगीला लावणे मला चुकीचे वाटते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये राज्यात बैलगाडा शर्यतींना परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. त्यानंतर धावणाऱ्या खोंडांच्या किमतींच्या गोष्टी सगळीकडे ऐकू येतात. खिलार ही त्या कामासाठी घडलेली जात आहे : हलकी, चपळ, अंगात रग असलेली. तिची ती रग तिच्या कामात शोभते. आमच्याकडे मात्र आता काही तरुण मंडळी डांगी खोंडातही तीच रग शोधू लागली आहेत आणि दाव्याला झटके देणाऱ्या, माती उकरणाऱ्या खोंडाला ‘तेज आहे’ म्हणून जास्त पैसे मोजू लागली आहेत. चिखलणीच्या बैलात असे तेज नको असते.

आता पैदाशीकडे वळतो, कारण स्वभाव विकत घेता येण्यापूर्वी तो कोणीतरी गोठ्यात तयार करावा लागतो. जनावराचा स्वभाव काही प्रमाणात रक्तातून येतो आणि काही प्रमाणात हाताळणीतून. गोवंशावर झालेल्या अभ्यासांमध्ये शांतपणा हा गुण मध्यम प्रमाणात आनुवंशिक असल्याचे वारंवार दिसले आहे; म्हणजे निवड केली तर पिढ्यांगणिक फरक पडतो, आणि निवड सोडून दिली तर उलट दिशेनेही पडतो. आमच्या गोठ्यात ही निवड मामांपेक्षा मामींनीच अधिक केली आहे. कोणता खोंड वळू म्हणून ठेवायचा, याची चर्चा निघाली की त्या पहिल्यांदा त्याच्या आईचे नाव घेतात. “जिची धार काढताना मला जपून बसावं लागतं, तिचा गोऱ्हा या दारात वळू म्हणून राहणार नाही,” हे त्यांचे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे आणि पैदाशीच्या शास्त्रातील कोणत्याही नियमाइतके ते मला भरवशाचे वाटते. मागचे पाय न बांधता धार काढू देणारी, परक्या माणसाच्या हातून दावणीला बांधून घेणारी, कळपात दुसरीला विनाकारण शिंग न लावणारी गाय, हे त्यांचे निकष आहेत. नुकती व्यालेली गाय वासराजवळ आलेल्या कुत्र्यावर धावून गेली, तर तो दोष त्या मानत नाहीत. तो आईपणा झाला. आठवडा-पंधरवड्यानंतरही ती घरच्या माणसांवर धावत असेल, तर मात्र तिच्या नावापुढे खूण पडते.

वळू निवडताना त्याच्या आईकडे पाहायचे, हे बाजाराला पटत नाही, कारण बाजारात आई नसते. तेथे फक्त खोंड असतो, तोही तेल लावून, शिंगे तासून, गोंडे बांधून आणलेला. म्हणून वळू बाजारातून न आणता ज्याच्या दोन-तीन पिढ्या डोळ्यांसमोर आहेत अशा गोठ्यातून आणावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तो आपल्याच गोठ्यातला मात्र नसावा. डांगी कालवड पहिल्यांदा विते ती चार-साडेचार वर्षांची झाल्यावर. म्हणजे एकच वळू गावात चार वर्षांहून अधिक राहिला, तर त्याच्या स्वतःच्या मुली त्याच्याकडून फळू लागतात. आपल्या पाड्यांवर हे सर्रास घडते, कारण वळू सर्वांचा असतो आणि त्याच्या वयाची नोंद कोणाचीच नसते. जवळच्या नात्यातील संकराने वासरे खुरटतात, वेतांतील अंतर वाढते आणि जे दोष एरवी दडून राहिले असते ते वर येतात. तीन वर्षांनी वळूची दुसऱ्या खोऱ्यातील वळूशी अदलाबदल करणे हा यावरचा बिनखर्चाचा उपाय आहे. जुन्या लोकांना तो ठाऊक होता. आता कृत्रिम रेतनाची सोय असलेल्या गावांत त्याची आठवणच राहिलेली नाही. त्या सोयीतून डांगीच्याच रेताची कांडी मागितली तर उत्तम, पण डोंगरावर चरायला जाणाऱ्या गाईला दुधाच्या आशेने विदेशी रेत भरले की जन्मणाऱ्या गोऱ्ह्याचे काय करायचे, हा प्रश्न कोणाकडेच सुटलेला नसतो. अशा गोऱ्ह्याला वशिंड नावापुरते असते, उन्हात तो धापा टाकतो आणि बाजारात त्याला विचारणारे कोणी नसते.

रक्तानंतर हाताळणी. वासरू जन्मल्यापासून पहिल्या काही आठवड्यांत माणसाचा हात जितका अंगावरून फिरेल तितका पुढचा बैल सोपा होतो, हा आमचा अनुभव आहे. मुलांनी त्याला नावाने हाक मारावी, कानामागे खाजवावे, पाय उचलून खूर पाहावेत. पण त्याच्याशी टकरा खेळू नयेत. लहान गोऱ्ह्याच्या डोक्याला हात लावून त्याला ढुशी मारायला शिकवणे हा पोरांचा आवडता खेळ आहे, आणि मारक्या बैलांपैकी निम्मे बैल या खेळातून घडतात असे मामांचे ठाम म्हणणे आहे. दीड-दोन वर्षांच्या सुमारास वेसण घालतात. जू लावण्यापूर्वी काही दिवस नुसता ओंडका ओढायला देतात, मग वयस्क, शांत बैलाच्या जोडीला घालतात, सकाळच्या गारव्यात आणि थोडा वेळ. पहिली चिखलणी नव्या बैलाला पूर्ण दिवस करायला लावू नये. ज्या बैलाला पहिल्याच पावसाळ्यात दमेपर्यंत जुंपले गेले, तो पुढे दमण्याआधीच खाली बसायला शिकतो.

खच्चीकरणाची वेळही भावाशी जोडलेली आहे. फार लवकर केले तर बैल उंच वाढतो, पण मान आणि वशिंड भरत नाही, आणि जू तर मानेवरच बसते. फार उशिरा केले तर वळूच्या सवयी अंगात भिनून जातात आणि जोडीदाराशी भांडण सुरू होते. जनावर अंगाने भरले असले, पण अजून कळपातल्या गाईंमागे फिरायला लागलेले नाही, ती वेळ आम्ही योग्य मानतो. ते काम पशुवैद्यकाकडून, जागा बधिर करून, बर्डिझो चिमट्यानेच (कातडी न कापता आतली नस चेपणाऱ्या) करून घ्यावे. दगडाने ठेचण्याची जुनी रीत क्रूर तर होतीच, शिवाय तो प्रसंग सोसलेला बैल माणसाला मागच्या बाजूला उभे राहू देत नाही, आणि असा बैल कामाच्या दृष्टीने अर्धाच उरतो.

खरेदीच्या वेळी स्वभाव कसा पाहावा, हे मी थोडे सविस्तर लिहितो, कारण या विषयावर लोक मला सर्वांत कमी विचारतात. बैल बाजारात पाहू नये. शक्य असेल तर मालकाच्या गोठ्यात, संध्याकाळी जनावरे परत येताना पाहावा. दूरवरून चालत आलेला, तहानलेला बैल बाजारात शांतच दिसतो, आणि त्याला काही पाजून शांत केलेले असण्याचीही शक्यता असते. गोठ्यात गेल्यावर आधी बैलाकडे न जाता त्याच्याकडे घरातील कोण जाते, ते पाहावे. त्याला मालकाची बायको किंवा शाळकरी मूल सोडून पाण्यावर नेत असेल, तर निम्मी परीक्षा तेथेच होते. मग स्वतः खांद्याच्या बाजूने जवळ जावे, खांद्यावर हात ठेवावा, पाठीवरून मांडीपर्यंत न उचलता फिरवावा आणि शेवटी मागचा पाय उचलायला सांगावे. छत्री उघडून पाहावी. प्लास्टिकचे इरले किंवा घोंगडी झटकून पाहावी. बैलाने चमकून मान वर करावी, हे स्वाभाविक आहे. त्याने पुन्हा मान खाली घालून चारा खायला किती वेळ घेतला, हे महत्त्वाचे. त्यानंतर जू लावून डावीकडून आणि उजवीकडून, दोन्ही बाजूंनी चालवावे, कारण एका बाजूला शांत असलेला बैल दुसऱ्या बाजूला अनेकदा आडमुठा होतो. गाडी मागे रेटायला लावावी. शेवटी ओल्या जमिनीत दोन तास वखर किंवा औत चालवावे, आणि घाईने नाही म्हणणाऱ्या मालकाकडून बैल घेऊ नये.

अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यांविषयी मला नेहमी विचारले जाते. पाठीवर, छातीवर, वशिंडामागे कोणता भोवरा शुभ आणि कोणता मालकाला बुडवणारा, याची मोठी यादी प्रत्येक गावात तयार असते, आणि चांगला बैल निव्वळ भोवऱ्यामुळे हजारो रुपयांनी उतरताना मी पाहिला आहे. या यादीवर माझा विश्वास नाही. गंमत अशी की कपाळावरच्या भोवऱ्याबाबत मात्र विज्ञानाला थोडे काही आढळले आहे : अमेरिकेतील टेम्पल ग्रँडिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, डोळ्यांच्या रेषेच्या वर भोवरा असलेली जनावरे खोड्यात धरल्यावर सरासरीने अधिक अस्वस्थ होतात, असे दिसले. सरासरीवरून एका बैलाचा भाव ठरत नाही. तरी कपाळावर फार वर भोवरा दिसला, तर मी छत्री दोनदा उघडून पाहतो.

दोष तीन प्रकारचे असतात आणि तिघांसाठी भावात सारखी सूट मागणे योग्य नाही. बुजरा बैल हा बहुधा माणसाच्या सहवासाचा अभाव असतो. तो वयाने लहान असेल आणि घेणाऱ्याकडे वेळ असेल, तर थोडी सूट घेऊन तो घ्यावा, वर्षभरात तो निवळतो. मारका बैल कोणत्याही सवलतीत घरात मुले असलेल्या माणसाने घेऊ नये, आणि त्याच्या आईपासून पुढची पैदास थांबवावी. बसका बैल, म्हणजे ओझे वाढले की जू टाकून खाली बसणारा, हा सर्वांत फसवा. तो गोठ्यात अगदी देवमाणूस असतो, मुले त्याच्या पाठीवर चढतात, आणि चिखलाच्या मध्यावर तो बसकण मारतो. त्याला काठीने उठवणारे लोक बैलालाही बिघडवतात आणि जोडीदारालाही. दोन तास औत चालवून पाहण्याचा माझा आग्रह मुख्यत्वे याच दोषासाठी आहे.

आता पैशांचा हिशेब. समजा, एका गोऱ्ह्याच्या नुसत्या चाऱ्याला दिवसाला ६० रुपये लागतात. वर्षाचे ते २१,९०० रुपये होतात आणि जुंपण्याजोगा होईपर्यंतच्या तीन वर्षांचे ६५,७०० रुपये. डोंगराळ गावात पावसाळ्यात आणि त्यानंतर काही काळ माळावर चराई मिळते, म्हणून विकतचा आणि साठवणीचा चारा वर्षातून सहा महिनेच लागतो असे धरले, तरी तीन वर्षांचा खर्च ३२,४०० रुपयांच्या आसपास जातो. यात राखोळीची मजुरी नाही, लस नाही, पशुवैद्यकाची फी नाही, आणि गाईचा भाकडकाळ तर कोणी मोजतच नाही. डांगी गाईच्या दोन वेतांत साधारण सव्वा वर्षाहून अधिक अंतर पडते आणि त्यातून निम्म्या वेळा कालवड होते, हे धरले तर एक कामाचा बैल तयार करण्यासाठी गाईला किती वर्षे सांभाळावे लागते, ते सहज कळेल. जोडी जमवायची, तर सारख्या उंचीचे, सारख्या चालीचे दोन खोंड एकाच सुमारास हवेत. त्यासाठी बहुतेक वेळा एक खोंड बाहेरून विकत घ्यावा लागतो आणि त्याच्या स्वभावाचा धोका पैदास करणाऱ्याने पत्करावा लागतो.

म्हणूनच एखादा मालक शिकवलेल्या, शांत जोडीसाठी बाजारापेक्षा पंधरा-वीस टक्के जास्त मागतो, तेव्हा तो नफेखोरी करत नसतो. शिकवण्याच्या त्या एका हंगामात त्याने स्वतःचे शेत जुन्या जोडीवर भागवलेले असते. उलट जो नुसत्या जुळत्या ठिपक्यांसाठी तेवढेच जास्त मागतो, त्याला मी विचारतो की ठिपक्यांवर खर्च किती झाला. या प्रश्नाने मामांचे काही मित्र माझ्यावर रागावलेले आहेत.

जुन्या हिशेबातला एक आधारही आता उरलेला नाही. पूर्वी बैल थकला की तो विकून नव्या जोडीच्या किमतीचा काही भाग निघत असे. मार्च २०१५ मध्ये राज्याच्या प्राणी संरक्षण कायद्यातील दुरुस्ती लागू झाली आणि गाईबरोबर बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. त्या कायद्याच्या बाजूने किंवा विरोधात लिहिण्याची ही जागा नाही; भावावर त्याचा झालेला परिणाम मात्र नोंदवायला हवा. थकलेल्या बैलाची किंमत जवळपास शून्यावर आली, त्याला मरेपर्यंत पोसण्याचा खर्च मालकाच्या अंगावर आला, आणि खरेदीदार नवी जोडी घेताना तो भविष्यातील खर्च आजच्या भावातून कापू लागला. त्याचा फटका अखेरीस पैदास करणाऱ्याला बसतो. २०२२ मध्ये लम्पी त्वचारोगामुळे जनावरांचे बाजार बंद राहिले, तेव्हा तर तयार खोंड दावणीलाच चारा खात उभे राहिले. त्या काळात काही घरांनी पॉवर टिलर घेतले आणि ती घरे बैलांकडे परतली नाहीत. त्यांना दोष देता येत नाही. टिलरला वर्षभर चारा लागत नाही; त्याला उतारावरच्या अरुंद खाचरात खांद्यावर उचलून न्यावे लागते आणि शेणखत मिळत नाही, एवढेच त्याचे उणे.

या पार्श्वभूमीवर आमच्या घरी विक्रीची जी पद्धत बसली आहे, ती येथे नोंदवतो. भाव दोन भागांत सांगितला जातो. पहिला भाग अंगकाठी, वय आणि रंगाचा. तो बाजाराप्रमाणे असतो आणि त्यात घासाघीस होते. दुसरा भाग कामाचा आणि स्वभावाचा. त्यात घासाघीस होत नाही, पण तो लगेच मागितलाही जात नाही. जोडी नेताना पहिला भाग द्यायचा, कानातल्या बारा अंकी बिल्ल्याचा क्रमांक पावतीवर लिहायचा, बाजार समितीचा किंवा ग्रामपंचायतीचा दाखला सोबत घ्यायचा आणि लसीकरणाची तारीख टिपून ठेवायची. दुसरा भाग आवणी संपल्यानंतर द्यायचा. मधल्या काळात बैल बसला, मारायला धावला किंवा एका बाजूला चालेना झाला, तर खरेदीदार जोडी परत आणू शकतो. त्याने कामावर किती तास जुंपले, अंगावर वळ आहेत का, मानेला जू लागून जखम झाली आहे का, हे आम्ही पाहतो. वळ असतील, तर बोली मोडली असे धरतो.

या पद्धतीला नावे ठेवणारे पुष्कळ आहेत. उधारीचा धंदा म्हणून दलाल तिच्यापासून दूर राहतात, आणि निफाड-सिन्नरकडून येणाऱ्या काही खरेदीदारांना आवणीपर्यंत थांबणे जमत नाही, कारण त्यांच्याकडे भात नसतो. त्यांच्यासाठी मुदत पहिल्या पेरणीपर्यंतची ठेवली आहे. पण ज्या गाईंच्या पोटच्या खोंडांचा दुसरा भाग वेळेवर आणि न कुरकुरता जमा झाला, त्या गाईंची नावे वहीत वेगळ्या पानावर लिहिली जातात, आणि पुढचा वळू कोणत्या दावणीचा, हे मामी त्या पानावरूनच ठरवतात. गेल्या खेपेला तो मान एका जवळजवळ ठिपके नसलेल्या, बाजारात कोणी वळूनही पाहिले नसते अशा गाईच्या खोंडाला मिळाला. मामांना तो रंगाने अजूनही पटलेला नाही.